फळ्यावरचा मंगळवार

मार्चमधल्या एका सोमवारी संध्याकाळी मी नांदेडला सासुरवाडीत बसून, एका अंगठ्याने, लातुरातली साठ घरं कोरडी केली.

हेतू लोकसेवेचा होता. आमच्या औदुंबर कॉलनीत आठवड्यातून एकदा, मंगळवारी पाणी येतं. वार आणि वेळ अण्णारावांच्या पिठाच्या गिरणीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. मी मूळचा नांदेडचा, म्हणजे गोदावरीकाठचा. आमच्याकडे नळ ही भिंतीतून आलेली एक सोय. लातुरात आल्यावर कळलं की नळ हा पाहुणा असतो आणि त्याच्या येण्याआधी घर आवरावं लागतं. भाड्याने राहायला आल्यावर कॉलनीत आपला काही उपयोग व्हावा म्हणून मी दर सोमवारी त्या फळ्याचा फोटो काढून 'औदुंबर परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू लागलो. लोक हात जोडायचे, अंगठे दाखवायचे. दोन वर्षांत या एका कामावर मी कॉलनीत जेवढा मान मिळवला, तेवढा बारा वर्षं शिकवणीत फिजिक्स शिकवून मिळवला नव्हता.

त्या सोमवारी मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. फोटो राहिला हे पंगतीत आठवलं. फोनमध्ये मागच्या सोमवारचा होताच. फळ्यावर तारीख कधीच नसते, नुसता वार असतो. आणि मंगळवार तर दर आठवड्याला तोच असतो. 'उद्या पाणी, ७ ते ८' असं लिहून मी तो फोटो सोडला आणि दुसरा गुलाबजाम घेतला.

खऱ्या फळ्यावर त्या दिवशी 'शुक्रवार' लिहिलेलं होतं.

याने एवढं काय बिघडलं, असं लातूरबाहेरच्या माणसाला वाटेल. पण इथली रीत अशी की उद्या पाणी येणार म्हटलं की आज जुनं पाणी संपवायचं. आठवडाभर काटकसरीने, वाटीवाटीने वापरलेलं पाणी त्या संध्याकाळी शिळं ठरतं. ड्रम आडवे होतात, घासले जातात, हौदाचा तळ फडक्याने पुसला जातो. एरवी भांड्याचं पाणी झाडाला आणि झाडाचं कुंडीखालच्या ताटलीतून परत झाडालाच देणारी माणसं त्या एका संध्याकाळी नवाब होतात. त्या सोमवारीही अंगणं धुतली गेली. दोन मोटारी धुतल्या गेल्या. कुणी गोधड्या भिजत घातल्या. आप्पासाहेबांच्या माडीवर राहणाऱ्या चौदा विद्यार्थ्यांनी, सहा दिवस अर्ध्या बादलीत काढल्यावर, दोन-दोन बादल्यांची आंघोळ केली. आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला साठ घरांतले लख्ख घासलेले ड्रम तोंड वासून नळाखाली उभे राहिले.

साडेसातला सगळे सरजाबाईंच्या दारात होते.

सरजाबाई म्हणजे आमचं पाणी. महापालिकेच्या कागदावर त्यांचं पद व्हॉल्व्हमन असं आहे. त्यातल्या 'मन'चं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. ते काम आधी त्यांचे यजमान भीमा करायचे. चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ते शहरात आले आणि औदुंबर कॉलनीत खोली शोधत फिरले. सात घरांत नकार आला, आठव्या घरी आप्पासाहेबांनी मागच्या अंगणातली खोली उघडून दिली. त्याला यंदा एकोणीस वर्षं झाली. भीमा गेले तेव्हा सरजाबाईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. साहेब म्हणाले, "बाई, ऑफिसात चहापाण्याचं बघा, सावलीत राहाल." सरजाबाई म्हणाल्या, "पाण्याचं बघते, चहाचं दुसऱ्याला द्या." आणि कोपऱ्यात उभी असलेली चार फुटी लोखंडी चावी उचलून खांद्यावर घेऊन निघाल्या.

ती चावी फिरवताना त्यांना एकदा पाहायला हवं. पदर कमरेला खोचून त्या चेंबरचं झाकण सरकवतात, वाकून चावी खाली बसवतात आणि मनाशी मोजत फिरवायला लागतात. औदुंबर कॉलनीला बावीस फेरे. एकवीस झाले तर शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार, तेवीस झाले तर पहिल्या गल्लीत अंगणातून ओढा. मी मुलांना द्रवाचा दाब शिकवतो, उंचीचं सूत्र फळ्यावर मांडतो. सरजाबाई सातवी शिकल्या आहेत. एकदा मी त्यांना ते सूत्र समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाव सर, पर गंज चढला की दोन फेरे जास्त लागतेत, ते कुठं लिवलंय ह्यात?"

तर मंगळवारी साडेसातला त्या भाकरी थापत होत्या. दाराशी गलका झाला तेव्हा तव्यावर एक होती. ती उलटून त्या बाहेर आल्या.

"मावशी, पाणी कुठाय?"

"शुक्रवारी."

"काल तर मंगळवार लिहिलं होतं!"

"मी शुक्रवार लिवलंय. मोठी लाईन दुरुस्तीला काढलीय, म्हणून पाळी पुढं ढकललीय. शनिवारपासून लिवलेलं हाय फळ्यावर."

मग त्यांच्या तोंडासमोर एक फोन आला, लगेच दुसरा, तिसरा. सगळ्यांवर एकच चित्र: त्यांचा फळा, त्यांचं अक्षर, त्यांचाच मंगळवार. गिरणीवर जाऊन पाहिलं तर तिथे शुक्रवार होता खरा. पण खडू तो खडू.

"आत्ता पुसून लिहिलं असेल सकाळी," कोणीतरी म्हणालं.

"पगार घेता ना मावशी? दोन ओळी नीट लिहिता येईनात?"

अण्णाराव गिरणीतून पिठाचे हात घेऊन बाहेर आले आणि शपथेवर सांगू लागले की शुक्रवार शनिवारपासूनच आहे. पण अण्णारावांचं गिरणीच्या आवाजात कोण ऐकतो! सरजाबाईंनी फोनवरचं चित्र एकदाच नीट पाहिलं. फळ्याच्या खाली एक शेळी बसलेली दिसत होती. ती शेळी अण्णारावांनी बुधवारीच विकली होती. सरजाबाईंना सगळं उमगलं. फोटो कोण काढतो हेही त्यांना माहीत होतं. नाव न घेता त्या माघारी वळल्या. आत तव्यावर भाकरी करपत होती.

मी दुपारी बाराच्या सुमारास बसमधून उतरलो. वाटेत ग्रुपवरचे एकशे सदतीस मेसेज वाचले होते आणि बस परत नांदेडकडे वळावी अशी प्रार्थना करत होतो. गिरणीपाशी अजून वीसेक माणसं होती. सरजाबाई फळ्याखालच्या दगडावर चावी आडवी ठेवून बसल्या होत्या. तिथे उभं राहून मी सांगून टाकलं: फोटो जुना होता, चूक माझी, मावशींची काही नाही.

मग जे झालं ते मला शिव्या बसल्या असत्या त्यापेक्षा जास्त लागलं. लोक हसले. एकाने पाठीवर थाप मारली. "सर, साखरपुड्यात भान राहतंय व्हय कुणाला!" दुसऱ्याने अण्णारावांना सांगून माझ्यासाठी चहा मागवला. सकाळपासून त्या बाईच्या अक्षराची, पगाराची, प्रामाणिकपणाची झडती घेतलेली ती माणसं माझ्या हातात कप देऊन पांगली. तिच्याकडे बघून कुणी एक शब्द बोललं नाही. मीही चहा प्यायलो, हे सांगायला हवं.

पाणी मात्र चहाने आलं नाही. पाचच्या सुमाराला सरजाबाई चेंबरचं झाकण तपासायला निघाल्या आणि अपराधी माणूस जसा मागे मागे फिरतो तसा मी त्यांच्या मागे. तिथे आप्पासाहेब उभे होते. पासष्टीचा, धोतराच्या जागी आता पायजमा वापरणारा, मायाळू माणूस. गावाकडचा पेरू आला की पहिला सरजाबाईंच्या खोलीत जायचा. सरजाबाईंच्या लेकीला, महामायाला, लहानपणी त्यांनी सायकलवरून शाळेत सोडलेलं. आज मात्र त्यांचा चेहरा सुकला होता.

"सरजाबाई, अर्धा तास. जास्त न्हाई."

"आप्पा, टाकी माळाची हाय."

माळ म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती. कॉलनीपेक्षा उंचावर, लाईनीच्या अगदी शेवटाला. दुरुस्तीपायी त्यांची मागची पाळी बुडाली होती. त्या घरांना पाणी येऊन तेरा दिवस झाले होते. म्हणून या वेळी आम्हाला शुक्रवारपर्यंत थांबवून बुधवारची भरलेली टाकी त्यांना द्यायची असं ठरलं होतं. आणि टाकी काठोकाठ असली तरच पाणी माळावर चढतं. अर्धा तास कॉलनीला सोडलं की पातळी उतरते आणि माळावरचे नळ नुसते सुस्कारे टाकतात. हे सूत्र मला पाठ होतं. सरजाबाईंना ते खांद्यात ठाऊक होतं.

"माळाची कशानं? सरकारची हाय टाकी," आप्पासाहेब म्हणाले.

"उद्या माळाची. शुक्रवारी तुमची."

"वर चौदा पोरं हायत माझ्याकडं. परीक्षा तोंडावर आलीय. आंघोळीचं सोडा, संडासाला पाणी न्हाई. दोघांचे बाप सकाळपासून फोन करायलेत, पोराला दुसरीकडं हलवतो म्हणून."

"माझ्याकडं दोन घागरी भरलेल्या हायत. मी सांडत नसते आदल्या दिवशी. त्या न्या वर."

"दोन घागरीनं काय व्हतंय?"

"चौदा जणांचं तोंड धुऊन व्हतंय."

आप्पासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मी होतो, पण मी मोजण्यात नव्हतो. त्यांनी आवाज खाली आणला. "एकोणीस वर्षं झाली सरजाबाई. भीमाला कुणी दार उघडत नव्हतं तवा मी उघडलं. कधी काही मागितलं का मी?"

"न्हाई."

"मग आज मागायलो. कुणाला कळणार हाय? चावी तुमच्या हातात."

सरजाबाई चेंबरच्या काठावर उकिडव्या बसल्या. झाकणाखाली एक वीट सरकली होती, ती त्यांनी नीट बसवली. वीट दोनदा बसवावी लागली.

"माळावर गौरम्माच्या घरी बाळंतीण हाय," त्या म्हणाल्या. "तेरा दिवस झाले त्यायला."

"म्हणजे न्हाई म्हणायलाव."

"न्हाई म्हणायले."

आप्पासाहेब रागाने नाही, अगदी थकल्यासारखं म्हणाले, "ही पोरं गेली तर मला जूनला मागच्या खोलीचं बघावं लागंल. चार बेड बसतेत तिथं."

"बघा, आप्पा," सरजाबाई म्हणाल्या. चावी खांद्यावर घेतली. चार पावलं गेल्यावर वळल्या. "उद्या सातला माळावर पाणी येतंय. हंडे घेऊन या अन् त्यायला मागा. देतील ते."

मी ते ग्रुपवर टाकलं. या वेळी फोटो नाही, तारखेसकट. सरजाबाईंच्या दोन घागरी त्याच रात्री माडीवर गेल्या. साठ घरांपैकी बऱ्याच जणांनी टँकर मागवला. काहींनी 'आपण तिकडे कशाला जायचं' असं नुसतं लिहिलं. पण बुधवारी सकाळी वीस-बावीस माणसं कळश्या, कॅन, कुकरचं मोठं भांडं, हाती लागेल ते घेऊन नाला ओलांडून गेली. त्यात मी होतो. मागून आप्पासाहेबही आले, पाच लिटरचे दोन कॅन घेऊन, मान खाली घालून.

पहिल्या नळावर गौरम्मा बसली होती. निलंग्याकडची, बाजारात मिरची विकणारी, आवाजही मिरचीच्याच जातीचा. तिने आमच्या वरातीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अक्का, ही कोण माणसं?"

"कॉलनीतली," सरजाबाई लांबूनच म्हणाल्या. त्या चेंबरपाशी फेरे मोजत होत्या. मध्ये जास्त बोलल्या तर आकडा चुकतो.

"हेल्मेटवाले सर न्हवं तुम्ही?" गौरम्माने मला पकडलं. "दोन वर्षं झाली, इथूनच जाता क्लासला. तोंड आज दिसलं."

मी कळशी पुढे केली.

"रांगेत या. इथं मास्तर-बिस्तर काही न्हाई." मग तिची नजर आप्पासाहेबांच्या कॅनवर गेली. "अन् आजोबा, ह्यानं काय हात धुणार का? सुनंची बारडी घेऊन जा माझ्या. आणून द्या मातर."

"चौदा पोरं हायत, माय," आप्पासाहेब पुटपुटले.

"पोरं हायत तर मग दोन न्या."

पाणी आलं. आधी नळाने खोकल्यासारखं केलं, मग हवा सोडली, मग लालसर धार, मग स्वच्छ. चौदा दिवसांनी पाणी पाहणाऱ्या त्या बायांनी आधी आपले हंडे भरले, पण प्रत्येकीने तिसरा-चौथा हंडा आमच्याकडे सरकवला. माझ्या हातून एक कळशी उतारावर निसटली. गौरम्मा ओरडली, पण दुसरी भरून दिली. नाला उतरताना आप्पासाहेब माझ्या पुढे होते. दोन बादल्या, त्यावर टॉवेल झाकलेला. एक थेंब सांडू देत नव्हते.

मला वाटलं, झालं. माणूस असं पाणी वाहून आल्यावर खोलीचं विसरतो. गोष्टीत तरी विसरतो.

पण त्या आठवड्यात माडीवरची पाच पोरं दुसऱ्या वसतिगृहात गेली, आणि जून हा लातुरात जूनच असतो. गावोगावचे बाप पोरांचं सामान घेऊन स्टँडवर उतरतात आणि रिकाम्या कोपऱ्यालाही भाव येतो. मेमध्ये एका संध्याकाळी आप्पासाहेब आंब्याची पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेले आणि आंबे ठेवून, उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघा मग कुठं." सरजाबाईंनी एक आंबा कापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो खाल्ला. दोघांनाही दुसरं काय करावं हे कळत नव्हतं.

मग सरजाबाई खोली बघायला फिरल्या. मीही एक-दोनदा बरोबर गेलो. कॉलनीतल्या ज्या गल्लीत धार बारीक पडते तिथे त्या अकरा वर्षं रोज हिंडल्या होत्या. कुठल्या घरचा नळ गळतो, कुणाची मोटार पाणी ओढते, हे त्यांना पाठ होतं. एका घरी खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, मोरी दाखवली. मग सहज विचारावं तसं आडनाव विचारलं. सरजाबाईंनी सांगितलं. आणि मग घरातल्यांना आठवलं की ती खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. दुसऱ्या घरी भाचा निघाला. ग्रुपवर मात्र सगळे लिहीत होते: 'मावशींसारखी प्रामाणिक कर्मचारी आपल्या प्रभागाला लाभली हे भाग्य.' खाली हातच हात जोडलेले. मी ते मेसेज त्यांना वाचून दाखवले नाहीत.

मुदखेडहून महामायाचा फोन यायचा: "आई, सोड आता ती चावी, इकडं ये." यांचं उत्तर ठरलेलं: "आज माळाची पाळी हाय, उद्या बोलू."

शेवटी खोली मिळाली ती माळावर, गौरम्माच्या शेजारी. लाईनीच्या अगदी शेवटाला. सामान एका हातगाडीत मावलं: खाट, पत्र्याची पेटी, कोनाड्यातून उतरवून साडीत गुंडाळलेल्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, भीमांचा एक फोटो, भांडी. आप्पासाहेब दोर आवळायला स्वतः आले. खाटेचा पाय निसटत होता, तो दोनदा बांधला.

"पंखा काढून देऊ का? भीमानंच बसवलेला," ते म्हणाले.

"खोलीतच असू द्या. पोरांना गरम व्हईल. माझ्या दोन घागरी तेवढ्या वर राहिल्यात मार्चपासून."

आप्पासाहेब गुडघे दुखत असतानाही जिना चढून वर गेले आणि घागरी घेऊन खाली आले. दोन्ही भरलेल्या होत्या. सरजाबाईंनी त्या गाडीवर मधोमध, तसबिरींशेजारी ठेवल्या.

गिरणीवरून जाताना त्या क्षणभर थांबल्या आणि फळ्यावर दुसऱ्या दिवशीचा मजकूर लिहिला. मार्चपासून त्या वारापुढे तारीख लिहितात, ठळक, दोनदा गिरवून. मी गाडीला मागून लावलेला हात तसाच धरून होतो. नाल्याचा चढ लागला. गेले तीन महिने मनात घोळवलेलं बोलायला ही जागा बरी वाटली, कारण चढावर कुणी तोंडाकडे बघत नाही.

"मावशी," मी म्हणालो, "मला झोप लागत नाही नीट. एका फोटोपायी हे सगळं झालं. मी तो जुना फोटो टाकला नसता तर तुमची एकोणीस वर्षांची खोली गेली नसती. मला माफ करा. कसं भरून द्यावं तेच कळत नाही."

सरजाबाईंनी गाडी थांबवली. चाकाखाली दगड सरकवला, घागरी हलल्या नाहीत ना ते पाहिलं आणि कपाळावरचा घाम पदराने पुसत म्हणाल्या,

"खोली मी व्हॉल्व्ह उघडला न्हाई म्हणून गेली, सर, तुमचा फोटो उगं मधी घुसवू नका."